सुलेखनातून आलेला इटॅलिक सेरिफ टंक : ओळखावा कसा, निवडावा कसा, मांडावा कसा

रोमन लिपीच्या सेरिफ टंकांबरोबर, म्हणजे रेषांच्या टोकांना छोटे फाटे असलेल्या फॉण्टांबरोबर, इटॅलिक म्हणून जी तिरपी अक्षरे मिळतात, ती सगळी एकाच घराण्यातली नसतात. काही टंकांत उभी अक्षरे कलती करून नंतर हाताने दुरुस्त केलेली असतात, काहींवर टोकदार निबाच्या लेखनाची छाया असते, आणि काहींच्या प्रत्येक रेषेत सपाट टोकाच्या टाकाची चाल स्पष्ट वाचता येते. हा लेख या तिसऱ्या प्रकाराविषयी आहे. पुस्तकाची मांडणी करणारे, मुखपृष्ठ रचणारे, संकेतस्थळाची अक्षरयोजना ठरवणारे किंवा एखाद्या समारंभाची पत्रिका नेटकी व्हावी यासाठी झटणारे, अशा सर्वांना हा टंक कधी ना कधी वापरावासा वाटतो, कारण तो देखणा असतो. मात्र लेखणीचा कोन, तिचा वेग आणि ती कागदावरून उचलली जाण्याची जागा या ज्या तीन गोष्टींतून हे देखणेपण येते, त्या लक्षात न घेता तो वापरला, तर तोच टंक पानावर भपकेबाज दिसतो आणि वाचणाऱ्याला थकवतो. म्हणून टंकाची निवड, आकार, अंतर आणि जागा यांबाबतचा प्रत्येक निर्णय लेखणीच्या तर्काने घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

अक्षरातली लेखणी कशी ओळखावी

सपाट टोकाचा टाक कागदावर साधारण 45 अंशांच्या कोनात स्थिर धरला, तर रेषेचा जाडपणा हाताच्या दाबावर फारसा अवलंबून राहत नाही. तो रेषेच्या दिशेवर ठरतो. डावीकडून उजवीकडे वर चढणारी रेषा अगदी बारीक निघते, डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी रेषा निबाच्या पूर्ण रुंदीएवढी जाड होते, आणि उभ्या व आडव्या रेषा या दोहोंच्या मध्ये राहतात. त्यामुळे अशा टंकातले 'ओ' हे अक्षर नीट पाहिले, तर त्याचे सर्वांत बारीक भाग थेट माथ्यावर आणि थेट तळाशी सापडत नाहीत. ते माथ्याच्या थोडे डावीकडे आणि तळाच्या थोडे उजवीकडे सापडतात. ही पहिली खूण होय.

दुसरी खूण अधिक महत्त्वाची आहे आणि ती लहान 'एन' या अक्षरात दिसते. उभ्या अक्षरात (टंकांच्या भाषेत या उभ्या वळणालाही 'रोमन' म्हणतात) दांडी ओढून झाल्यावर लेखणी उचलली जाते आणि कमान दांडीच्या माथ्याजवळून नव्याने सुरू होते. इटॅलिक वळणात मात्र लेखणी दांडीच्या पायथ्यापर्यंत आली की न उचलता त्याच दांडीवरून वर चढते, साधारण मध्यावर तिच्यापासून फुटते आणि मग उजवीकडे वळून खाली येते. फुटण्याच्या त्या जागेशी जी निमुळती, टोकदार पोकळी तयार होते, ती या वळणाची खरी ओळख आहे. हीच कमान उलटी केली की 'यू' मिळतो, आणि 'ए', 'डी', 'जी', 'क्यू' यांचे पोट त्याच तर्काने बनते. चांगल्या टंकात ही सगळी अक्षरे एकाच हाताने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखी वाटतात, ती या एका हालचालीमुळे.

तिसरी खूण सेरिफची. रोमन अक्षराच्या पायाशी दोन्ही बाजूंना पसरलेला जो आडवा सेरिफ असतो, तो येथे बहुतेक नाहीसा होतो आणि त्याच्या जागी लेखणी पुढच्या अक्षराकडे निघताना उमटलेला, उजवीकडे वर उचललेला छोटा झटका राहतो. दांडीच्या माथ्यावरही लेखणी कागदाला टेकल्याची तिरकी खूण दिसते. याशिवाय लहान 'ए' एकमजली, म्हणजे वरच्या आकड्याशिवाय केवळ पोट आणि दांडीचा, होतो, 'एफ' तळरेषेच्या खाली उतरतो, आणि 'व्ही' व 'डब्ल्यू' यांचे टोकदार तळ कित्येकदा गोलावतात. हात वेगाने वर-खाली चालत असल्याने सगळीच अक्षरे रोमन अक्षरांपेक्षा अरुंद होतात.

या यादीत तिरपेपणाचा उल्लेख मी मुद्दाम शेवटी करतो आहे, कारण सर्वांना तोच आधी दिसतो आणि तोच सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. एरिक गिल यांच्या जोअ‍ॅना या टंकाचे इटॅलिक अगदी नाममात्र कललेले आहे, तरीही त्याचे अरुंद, हाताने लिहिल्यासारखे वळण पाहता ते इटॅलिक आहे याविषयी शंका राहत नाही. उलट, उभी अक्षरे संगणकावर कितीही कलती केली तरी त्यांच्यात लेखणीची चाल येत नाही.

हे सर्व डोळ्यांत मुरावे यासाठी एक सराव करावा. सुमारे 2 मिलिमीटर रुंदीचा सपाट निब घ्यावा, कागदावर 10 मिलिमीटर अंतराने दोन रेघा आखाव्यात, म्हणजे अक्षराची उंची निबाच्या पाचपट होईल, आणि 45 अंशांचा कोन न बदलता 'एन', 'यू', 'ए' ही अक्षरे लेखणी शक्यतो न उचलता ओळभर लिहावीत. हस्ताक्षर सुंदर येणे हा येथे हेतू नाही. कमान कुठून फुटते आणि जाड रेषा कुठे संपते हे हाताला एकदा कळले, की पडद्यावरच्या कोणत्याही टंकातला खरेखोटेपणा डोळा पटकन ओळखू लागतो.

दोन स्वभाव, दोन उपयोग

हे वळण पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लोरेन्समध्ये घडले. प्राचीन ग्रंथांच्या नकला करणारे निकोलो निकोली यांच्यासारखे विद्वान वेगाने लिहिता यावे म्हणून जे हस्ताक्षर वापरत, त्यातून ते आकाराला आले, आणि पुढे पोपच्या कचेरीतील लेखनिकांनी त्याला शिस्त आणि डौल दिला. छपाईत ते आणले व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउस यांनी. त्यांच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो यांनी ठसे कोरले आणि 1501 मध्ये प्राचीन रोमन कवी व्हर्जिल याच्या काव्यांची छोट्या आकाराची प्रत संपूर्णपणे या अक्षरांत छापून निघाली. त्या वेळी इटॅलिक हे जोर देण्याचे साधन नव्हते. अख्खा मजकूर त्यातच असे, आणि कॅपिटल अक्षरे मात्र उभी व आकाराने लहान ठेवलेली असत.

त्यानंतर 1522 मध्ये रोममध्ये लुदोविको देल्यि आरिगी यांनी हे हस्ताक्षर शिकवणारी पुस्तिका लाकडी ठशांवरून छापली. ते स्वतः पोपच्या कचेरीत लेखनिक होते. 1524 पासून त्यांनी आपल्याच वळणावर बेतलेला टंक छपाईत वापरला. या टंकात ओळीच्या वर-खाली जाणाऱ्या दांड्या लांब आहेत, अक्षरांमध्ये मोकळीक आहे, तिरपेपणा बेताचा आहे आणि जागोजागी लांब फेकलेले फराटे, म्हणजे आज ज्यांना स्वॉश म्हणतात ते, डौलाने येतात.

आज बाजारात असलेल्या सुलेखनात्मक इटॅलिक टंकांपैकी पुष्कळ या दोन स्वभावांपैकी एकाकडे झुकलेले असतात, आणि टंक निवडताना हाच भेद सर्वांत आधी पाहावा. ग्रिफोच्या मार्गाने जाणारे टंक दाट, आटोपशीर आणि आखूड दांड्यांचे असतात. ते परिच्छेदभर किंवा पानभर वाचता येतात. आरिगीच्या मार्गाने जाणाऱ्यांना ओळींमध्ये भरपूर हवा लागते, ते शीर्षकात, अर्पणपत्रिकेत किंवा चार ओळींच्या अवतरणात खुलतात आणि सलग मजकुरात लवकरच कंटाळा आणतात. सोळाव्या शतकातील फ्रेंच ठसेकार रोबेर ग्रांजों यांच्या परंपरेतील इटॅलिक हा या दोहोंच्या पुढचा, अधिक खेळकर टप्पा आहे. ईबी गॅरामॉण्ड या मोफत टंकाचे इटॅलिक त्याच परंपरेतले आहे आणि सरावासाठी उत्तम आहे. दिदो आणि बोदोनी यांच्या पद्धतीचे इटॅलिक मात्र या लेखाच्या कक्षेबाहेरचे समजावे, कारण त्यातील जाड-बारीकपणा सपाट निबाच्या कोनातून आलेला नाही.

निवडण्यापूर्वीची परीक्षा

टंकाच्या जाहिरातीतील नमुना पाहून निर्णय घेऊ नये. त्यात नेहमी सर्वांत लांब फराट्यांची अक्षरे निवडलेली असतात. प्रथम रोमन लिपीत 'मिनिमम' हा इंग्रजी शब्द ज्या आकारात वापरायचा आहे त्याच आकारात लिहून पाहावा. त्यात जवळजवळ सगळ्या दांड्या आणि कमानीच असल्यामुळे टंकाची लय उघडी पडते. दांड्यांमधील आणि अक्षरांमधील पांढऱ्या जागा सारख्या भासल्या तर टंकाची बांधणी पक्की आहे. अक्षरे गटागटाने चिकटलेली किंवा सुटलेली दिसली तर पुढे कितीही मेहनत घेतली तरी मजकूर ठिगळे लावल्यासारखा दिसेल.

नंतर 'के', 'एस', 'एक्स' आणि 'झेड' ही अक्षरे तपासावीत. दांडी-कमानीच्या तर्कात ती सहज बसत नाहीत, त्यामुळे टंककाराची खरी कसोटी तेथे लागते. त्यानंतर अँपरसँड, म्हणजे 'आणि' या अर्थाचे '&' हे चिन्ह, पाहावा. इटॅलिकमधील अँपरसँडमध्ये लॅटिन 'एत' (आणि) या शब्दाची 'ई' आणि 'टी' ही अक्षरे पुष्कळदा अजून स्पष्ट ओळखू येतात, आणि तो इतका डौलदार असतो की उभ्या रोमन शीर्षकातसुद्धा केवळ तेवढेच चिन्ह इटॅलिकमधून उसने घेण्याची चांगली प्रथा आहे. रॉबर्ट स्लिमबाक यांनी 1992 मध्ये केलेल्या पोएटिका या टंकात अँपरसँडचे पन्नासहून अधिक आकार आहेत.

अंक खाली-वर होणारे, म्हणजे लहान अक्षरांच्या उंचीशी जुळणारे, उपलब्ध आहेत का हे पाहावे. कॅपिटलच्या उंचीचे अंक या मजकुरात फार मोठ्याने बोलतात. ठळक वजन आहे की नाही यावर मात्र अडून बसू नये. अक्षराची उंची निबाच्या पाचपट असताना पोटातली जागा मोकळी राहते. तेच प्रमाण साडेतीनपट केले, की आधीच अरुंद असलेले 'ए' आणि 'ई' बुजू लागतात. म्हणून ठळकपणा हवा असेल तेथे वजन वाढवण्याऐवजी आकार वाढवणे किंवा रंग बदलणे केव्हाही बरे.

मांडणी करताना

या टंकात लहान अक्षरांची उंची बहुधा कमी असते, त्यामुळे शेजारच्या रोमन मजकुराएवढाच पॉइंट आकार दिला तर तो लहान वाटतो. एक ते दोन पॉइंट वाढवून पाहावे. एकाच कुटुंबातील रोमन व इटॅलिक असतील तर हा मेळ टंककारानेच घातलेला असतो, तेथे हात लावू नये. ओळींमधील अंतर दांड्यांच्या लांबीवर ठरवावे: आटोपशीर टंकाला आकाराच्या 125 ते 130 टक्के पुरते, लांब दांड्यांच्या टंकाला 145 टक्क्यांपर्यंत जावे लागते.

अक्षरांमधील अंतर वाढवण्याचा मोह टाळावा. प्रत्येक अक्षराचा शेवटचा झटका पुढच्या अक्षराकडे बोट दाखवत असतो. अक्षरे दूर केली की तो झटका हवेत लोंबकळतो आणि शब्द विस्कटतो. सर्व अक्षरे कॅपिटल असलेला शब्द मात्र याला अपवाद आहे. तेथे स्वॉश नसलेली साधी कॅपिटल घ्यावीत आणि त्यांच्यामध्ये किंचित अंतर सोडावे. स्वॉश कॅपिटलांची सलग रांग कधीही लावू नये. प्रत्येक फराटा पुढच्या अक्षराच्या अंगावर जातो आणि शब्द वाचताच येत नाही, तरीही नावे आणि शीर्षके अशा रीतीने सजवलेली वारंवार दिसतात.

स्वॉश कोठे ठेवावा याचे उत्तर लेखनिकाच्या हाताकडे पाहिले की मिळते. तो फराटा तेथेच मारतो जेथे त्याला मोकळी जागा सापडते: ओळीच्या आरंभी डाव्या समासात, ओळीच्या अखेरीस उजव्या समासात, पहिल्या ओळीच्या वर आणि शेवटच्या ओळीच्या खाली. शब्दाच्या मध्ये त्याला थांबायला वेळच नसतो. म्हणून आरंभीचे कॅपिटल आणि अखेरचे 'ई', 'एन' किंवा 'टी' ही त्याची योग्य ठिकाणे होत, आणि एका ओळीत एक स्वॉश पुरेसा असतो. वरच्या ओळीतून खाली उतरणारी शेपटी आणि खालच्या ओळीतून वर जाणारी दांडी एकमेकींना भिडत नाहीत ना, हे प्रत्येक ओळीत डोळ्यांनी पाहावे लागते. कोणतेही सॉफ्टवेअर हे काम विश्वासाने करत नाही.

ओपनटाइपच्या, म्हणजे टंकाच्या फाइलमध्येच दिलेल्या पर्यायी अक्षरांच्या, सोयी चालू करताना क्रम ठेवावा. स्टँडर्ड लिगेचर (एकत्र घडवलेली जोडअक्षरे) आणि कॉन्टेक्स्चुअल अल्टरनेट (शेजारच्या अक्षरानुसार बदलणारे आकार) या दोन सोयी आधी चालू कराव्यात, कारण 'एफ' आणि 'आय' यांसारख्या जोड्यांची टक्कर त्या टाळतात. 'सी-टी' आणि 'एस-टी' यांना कमानीने जोडणारे डिस्क्रिशनरी लिगेचर परिच्छेदात बंद ठेवावेत आणि शीर्षकात एखाद्या ठिकाणीच वापरावेत. स्वॉश ही सोय सगळ्या मजकुराला एकदम कधीच लावू नये. एकेक अक्षर निवडून लावावी.

उभ्या आणि तिरप्या अक्षरांची सीमा जेथे येते तेथे विशेष लक्ष द्यावे. इटॅलिक शब्दाच्या शेवटी 'एफ', 'डी' किंवा 'एल' असेल आणि त्यापुढे उभा कंस किंवा अवतरणचिन्ह असेल, तर अक्षराचा माथा त्या चिन्हावर आदळतो. तेथे हाताने बारीक जागा सोडावी. मोठ्या आकाराच्या अनेक ओळी डावीकडे सरळ लावल्या, तरी कल आणि फराटे यांमुळे त्या वाकड्या भासतात. तेव्हा मोजमाप बाजूला ठेवून डोळ्यांना जी कड सरळ वाटेल ती मानावी, आणि ओळ मध्यभागी आणताना फराट्याची लांबी हिशेबात धरू नये.

सोबतीचा टंक

सुलेखनात्मक इटॅलिकला रोमनची सोबत हवीच असते, आणि ती जुळवणे अवघड असते. मोनोटाइप कंपनीने 1929 मध्ये बेम्बो हा रोमन टंक आणला, तेव्हा त्याच्यासाठी आधी सुलेखनकार आल्फ्रेड फेअरबँक यांचे इटॅलिक तयार झाले होते. ते स्वतंत्रपणे अतिशय सुंदर होते, पण शांत रोमन मजकुरात त्याचे व्यक्तिमत्त्व फार ठळक उठून दिसे. म्हणून बेम्बोला दुसरे, अधिक सौम्य इटॅलिक दिले गेले आणि फेअरबँक यांचा टंक वेगळा विकला गेला. त्याच काळात ब्रूस रॉजर्स यांच्या सेंटॉर या रोमन टंकाशी फ्रेडरिक वॉर्ड यांचे आरिगीवर बेतलेले इटॅलिक जोडले गेले आणि ती जोडी टिकली. मला त्यातून असा धडा घ्यावासा वाटतो की मजकुरामध्ये अधूनमधून येणाऱ्या शब्दांसाठी सौम्य इटॅलिक घ्यावे, आणि तेजस्वी इटॅलिकला पानावर स्वतःची वेगळी जागा द्यावी. जोडी लावताना रोमन टंकातही सपाट निबाचा कोन दिसतो का एवढे पाहिले तरी बहुतेक चुका टळतात.

कुठे वापरावा, कुठे नाही

कविता हे या टंकाचे सर्वांत नैसर्गिक क्षेत्र आहे. ओळी आखूड, समास मोकळा आणि वाचण्याची गती संथ, अशा तिन्ही गोष्टी तेथे आयत्या जुळून येतात. अर्पणपत्रिका, प्रकरणाच्या माथ्यावरील अवतरण, पत्रातील मजकूर, नाटकातील रंगसूचना, मानपत्र, प्रशस्तिपत्र, संगीत कार्यक्रमाची पत्रिका येथेही तो शोभतो, कारण या सर्व ठिकाणी कोणीतरी कोणाला उद्देशून लिहिते आहे ही भावना अक्षरातून पोहोचावी लागते. मुखपृष्ठावर तो मोठ्या आकारात, थोड्या शब्दांत आणि रिकाम्या पार्श्वभूमीवर वापरावा.

तक्ते, सूचनाफलक, औषधांवरील माहिती, अर्ज आणि तळटीपा यांत तो वापरू नये. वनस्पती आणि प्राणी यांची शास्त्रीय नावे इटॅलिकमध्ये देण्याची रूढ प्रथा आहे, पण तेथे साधे इटॅलिक हवे. एकेक अक्षर निर्विवाद कळणे हेच तेथे महत्त्वाचे असते. वाचनदोष असलेल्या वाचकांना सलग तिरपी अक्षरे त्रासदायक ठरतात, त्यामुळे सर्वांसाठी असलेला दीर्घ मजकूर या टंकात देऊ नये. अतिवापरानेही टंकाचे तेज जाते. हेर्मान त्साफ यांचा 1979 मधील त्साफ चान्सरी हा जाणकार हाताने केलेला टंक आहे, परंतु 1980च्या दशकात तो लेझर मुद्रकांच्या अंगभूत टंकांत आला आणि दिसेल त्या कागदावर वापरला गेला. आज तो निवडताना वाचकाच्या मनात त्या साऱ्या कागदांची आठवण जागी होईल याचा विचार करावा लागतो.

पडद्यावर वापरताना खरे इटॅलिक उतरले आहे का, हे आधी तपासावे. टंकाची इटॅलिक फाइल जोडलेली नसेल, तर ब्राउझर उभी अक्षरेच कलती करून दाखवतो. लहान 'ए' दुमजली दिसला किंवा 'एफ' तळरेषेवरच थांबला, तर बहुतेक वेळा हा नकली कल आहे असे समजावे. संकेतस्थळाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत फॉण्ट-सिन्थेसिस ही सोय बंद केली की तो प्रकार थांबतो. बारीक रेषा लहान आकारात पडद्यावर पुसट होतात, म्हणून मजकुरासाठी बनवलेला कट, म्हणजे त्या टंकाची त्या आकारासाठीची आवृत्ती, घ्यावा आणि शीर्षकासाठीचा नाजूक कट शीर्षकापुरताच ठेवावा.

देवनागरीच्या शेजारी हा टंक ठेवताना वेगळा विचार करावा. देवनागरीच्या बोरूचा काप उलट दिशेला असतो, त्यामुळे दोन्ही लिप्यांत जाड आणि बारीक रेषा परस्परविरुद्ध बाजूंना पडतात. रोमन इटॅलिकशी जुळावे म्हणून देवनागरी अक्षरे संगणकावर कलती केली, तर शिरोरेषा आडवीच राहते, दांड्या तेवढ्या झुकतात आणि अक्षराचा तोल जातो. त्यापेक्षा देवनागरी उभीच ठेवून तिच्यासाठी बोरूचे वळण दाखवणारा टंक निवडावा आणि दोन्ही लिप्या शक्यतो वेगवेगळ्या ओळींत मांडाव्यात.

सगळे जुळल्यावर प्रत्यक्ष कागदावर, प्रत्यक्ष आकारात प्रूफ काढावे. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असतील तर शाई पसरून बारीक रेषा भरून जातात आणि सोनेरी फॉइलमध्ये त्या तुटतात. अशा वेळी अधिक भक्कम कट घ्यावा. नंतर तोच कागद मजकूर आधी न पाहिलेल्या व्यक्तीला मोठ्याने वाचायला द्यावा आणि विशेषनामांकडे कान ठेवावा, कारण नेहमीचे शब्द वाचक अंदाजाने पुरे करतो, नावे मात्र त्याला अक्षर-अक्षर वाचावी लागतात. तो ज्या कॅपिटलवर अडखळेल तेथील स्वॉश काढून साधे अक्षर घालावे, ती ओळ पुन्हा जुळवून घ्यावी आणि मगच फाइल छपाईला पाठवावी.